भरलेले गाल

होटगी रस्त्यावरच्या खडी केंद्रावर सुकडी वाटायचं काम सारजाबाईकडं आलं, ते तिच्या हातामुळं. मंद्रूपच्या पलीकडं तिचं गाव. गावात कुणाच्याही लग्नात पंगत बसली की भात वाढायला तिला बोलवायचे. पहिल्या पानावर जेवढा भात पडायचा तेवढाच शेवटच्या पानावर. बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली तसं अर्धं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला सोलापूरजवळ आलं आणि माळावर झोपड्या घालून राहिलं. मुकादम ईरप्पा शेजारच्याच गावचा होता. सरकारची सुकडी केंद्रावर यायला लागली तेव्हा त्यानं बायकांना विचारलं, "कुनाच्या हातनं घेनार?" तर दोघीतिघी एकदमच म्हणाल्या, "सारजाच्या."

सुकडी म्हणजे भाजलेलं गव्हाचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, गूळ आणि तेल. दुपारी शहरातल्या मिलचा भोंगा माळापर्यंत ऐकू यायचा. तो झाला की हातोडे थांबायचे आणि बायका, पोरं, म्हातारी माणसं रांग धरायची. सारजाबाई पोत्यापाशी उकिडवी बसून पितळी वाटीनं एकेकाच्या थाळीत, पदरात सुकडी घालायची. वाटी भरली की वरून बोट फिरवून सपाट करायची आणि बोटाला लागलेली भुकटी पोत्यात झटकायची. ते बोट तिनं कधी तोंडात घातलं नाही. कुणी बघेल म्हणून नव्हे. तिला ते जमलंच नसतं.

तिचा स्वतःचा वाटा ती सगळ्यांच्या मागून घ्यायची आणि पदरात बांधून झोपडीत न्यायची. झोपडीत नवरा धोंडीराम, सासू बजाबाई, सात-आठ वर्षांची हौसा आणि अंगावर पिणारा लखू. लखूला दीड वर्ष होऊन गेलं होतं, पण रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी त्याच्या पोटात ठरत नव्हती. म्हणून सारजाबाईनं त्याचं पिणं तोडलं नव्हतं.

तिच्या गालांकडं पहिल्यांदा लक्ष गेलं ते हौसाचं. शिमगा झाला होता. सारजाबाई चुलीपुढं बसली होती, आणि पोरगी तिच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "आये, तू गाल कशाला फुगीवल्यास?"

"मी कुटं फुगीवलं?"

"मग सोड की वारं."

बजाबाईनं वाकून बघितलं. दोन्ही कानांच्या खाली आणि पुढं सूज होती. तिनं हात लावून बघितला आणि म्हणाली, "गालगुंड हाय. पोरास्नी लांब ठेव." केंद्रावर एका म्हाताऱ्याकडं सांबरशिंग होतं. ते उगाळून त्याचा लेप सारजाबाईच्या गालांना लावला. लखूला पाजण्यापुरता जवळ घ्यायचा, हौसानं आजीपाशी निजायचं, असं आठवडाभर चाललं. पण ताप आला नाही. दुखलंही नाही. तोंड उघडायला, चावायला काही अडचण नव्हती. पोरांना काही झालं नाही, शेजारच्या झोपडीतही कुणाला झालं नाही. लेप वाळून पडायचा आणि खालची सूज होती तशीच राहायची. पुढं पुढं तर ती वाढली. कानाच्या पाळ्या मागून कुणी बोटानं ढकलून धराव्यात तशा बाहेर आल्या.

केंद्रावरचे बाकीचे सगळे वाळत चालले होते. डोळे आत गेलेले, गालफडं बसलेली. त्यांच्यात सारजाबाईचं तोंड गोल, भरलेलं दिसायला लागलं. तिचे दंड काडीसारखे झाले होते, बरगड्या मोजता आल्या असत्या. पण ते लुगड्याखाली होतं. रांगेतल्या माणसाला दिसायचं ते तोंड, आणि तोंडाशेजारी सुकडीचं पोतं.

"सारजा, सुकडी मानवली गं तुला," एक बाई रांगेत म्हणाली. दुसऱ्या हसल्या. सारजाबाईही हसली.

शेजारच्या झोपडीत चंद्रव्वा राहायची. अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, एकटी विधवा बाई. त्या दिवशी पाण्याच्या टँकरपाशी तिनं सारजाबाईला बाजूला घेतलं. "अक्का, त्याच्यावर हसू नगंस. तू हसलीस की त्यास्नी खरं वाटतंय."

"काय खरं वाटतंय?"

चंद्रव्वानं भरलेली घागर उचलून कमरेवर घेतली. 

त्यानंतर सारजाबाईला कळायला लागलं. ती वाटी भरायची तेव्हा बायका वाटीकडं बघत नव्हत्या, तिच्या तोंडाकडं बघत होत्या. तिच्या जबड्याची नुसती हालचाल झाली तरी कुणीतरी कुणाला कोपर मारायचं. तिनं पदर गालावरून ओढून घ्यायला सुरुवात केली. मग लोक म्हणायला लागले, लपवती.

घरातही तेच शिरलं. एका संध्याकाळी ती भाकरी थापायला बसणार, तर बजाबाईनं तिचा उजवा हात धरला. "काटा मोडलाय जनू. बगू." काटा नव्हता. म्हातारीनं हात उलटा केला, डोळ्यांजवळ नेला, आणि तिथून नाकाशी. मग सोडून दिला. हाताला गुळाचा वास होता. रोज एवढ्या माणसांना गूळ घातलेली सुकडी वाटणाऱ्या हाताला दुसरा कशाचा वास येणार? सारजाबाईनं पीठ मळायला घेतलं. पाणी जास्त पडलं आणि त्या दिवशी भाकरी नीट उचलली नाही.

वैशाखात रंभाबाईचा नातू गेला. रंभाबाई धोंडीरामची चुलती, सारजाबाई तिला काकी म्हणायची. नातू तीन वर्षांचा होता. केंद्रावर हगवणीची साथ आली, आणि पोराला शहरात दवाखान्यात न्यायच्या आधीच तो गेला. माळाच्या कडेला ओढ्याजवळ त्याला पुरलं. त्याची आई साळू तिथून उठायला तयार नव्हती. सारजाबाईनंच तिला काखेत हात घालून उठवून आणलं.

दुखवट्याचे दिवस पाळायला केंद्रावर कुणाला सवड नव्हती. रंभाबाई परत रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली. सारजाबाईनं वाटी भरली, बोटानं सपाट केली. रंभाबाईनं थाळी पुढं केली नाही. ती सारजाबाईच्या तोंडाकडं बघत होती. तिचा आवाज चढला नाही. शेताची एखादी गोष्ट सांगावी तशी ती म्हणाली,

"माझ्या नातवाच्या वाटनीचं तुझ्या गालावर हाय, सारजा."

रांगेतला सगळा आवाज थांबला. मागं कुणीतरी खोकलं, तेही ऐकू आलं. सारजाबाईनं रंभाबाईच्या हातातली थाळी स्वतःच पुढं ओढली आणि वाटी तिच्यात उलटी केली.  थोडी सुकडी मातीत सांडली. ती गोळा करायला दोन पोरं वाकली.

ईरप्पानं त्याच संध्याकाळी वाटी मागून घेतली. तो वाईट माणूस नव्हता. "मी तुला चोर म्हनत न्हाय," तो म्हणाला. "पर लोकांच्या डोळ्याला दिसतंय त्याला मी काय करू? उद्या कुनी साहेबाकडं तक्रार केली तर सगळ्यांचीच सुकडी बंद हुईल. तू आपली खडीवर ये."

"येते," सारजाबाई म्हणाली.

धोंडीराम तोपर्यंत काहीच बोलला नव्हता. तो मुळात कमी बोलणारा. पण त्या दिवशी भाकरी खाऊन झाल्यावर, आई हौसाला घेऊन बाहेर गेलेली बघून तो म्हणाला, "सारजे, एक इचारू?"

"इचारा."

"खरं सांग. मी कुनाला सांगनार न्हाय. उपाशी मानसाच्या हातनं हुतंय एखाद्या टायमाला. मी काय म्हननार न्हाय तुला."

तो मायेनं बोलला होता. तेच तिला सोसलं नाही. तो तिला माफ करायला तयार होता. म्हणजे तिनं खाल्लं हे त्यानं आधीच धरून चाललं होतं. तिनं लखूला उचलून पदराखाली घेतलं. "तुमी इचारलासा ना," ती म्हणाली, "त्यातच सगळं आलं." मग ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

खडीच्या कामावर ती धड आठवडाही टिकली नाही. उन्हात दगड तापून निघायचे. हातोडा उचलला की डोळ्यांपुढं काळं यायचं. एका दुपारी ती दगडांच्या ढिगावरच आडवी झाली. बाकीच्या बायका लांबूनच बघत राहिल्या. चंद्रव्वा धावली, तिनं तिला सावलीत ओढलं, तोंडावर पाणी मारलं. धोंडीराम पलीकडून आला तेव्हा चंद्रव्वानं सारजाबाईचं लुगडं घोट्यापासून वर सरकवलं आणि म्हणाली, "दादा, बायकोच्या तोंडाकडं लई बगून झालं. आता पाय बगा."

पाय सुजले होते. चंद्रव्वानं नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खड्डा पडला, आणि तो भरून आला नाही. गुडघ्यापाशी नुसतं कातडं आणि हाड. धोंडीरामनं ते पाय किती दिवसांत बघितले नव्हते. त्यानं वाकून लुगडं परत घोट्यापर्यंत ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडीच्या रिकाम्या ट्रकमधून तो तिला शहरात मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. लखू तिच्या मांडीवर होता. बाहेरच्या ओसरीत गर्दी होती. नंबर लागायला दुपार झाली. आत डॉक्टर बिराजदार बसले होते. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे. शिकणारी चार-पाच मुलं त्यांच्या मागं उभी होती. त्यांच्यातला एक सारजाबाईला बघताच म्हणाला, "सर, गालगुंड."

"कधीपासून आहे, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिमग्यापासनं."

"गालगुंड एवढे महिने राहतं का?" त्यांनी त्या मुलाला विचारलं. मग ते सारजाबाईकडं वळले. "दुखतं?"

"न्हाय."

"जेवताना जास्त फुगतं, नंतर उतरतं, असं?"

"न्हाय. हाय तसंच असतंय."

डॉक्टरांनी दोन्ही हातांची बोटं तिच्या कानांपुढं ठेवली आणि हळूहळू खाली जबड्याच्या कोनापर्यंत आणली. आई पोराचं तोंड धरते तसं. मग मुलांना पुढं बोलावलं. लाळ करणाऱ्या गाठींच्या, म्हणजे ग्रंथींच्या, तीन जोड्या माणसाला असतात, ते म्हणाले. एक जिभेखाली, एक जबड्याखाली, आणि सगळ्यांत मोठी ही, कानापुढं. हिची लाळ एका बारीक नळीतून गालावरून पुढं येते आणि आत, वरच्या दाढेसमोर तोंडात उतरते. त्यांनी सारजाबाईला तोंड उघडायला सांगितलं, लाकडी पट्टीनं गाल बाजूला धरला आणि बॅटरीच्या उजेडात मुलांना नळीचं ते बारीक तोंड दाखवलं. मग लिंबाची फोड मागवली आणि तिच्या जिभेवर दोन थेंब पिळले.

सारजाबाईनं डोळे मिटले. तोंडात पाणी सुटलं. किती दिवसांत असं काही आंबट जिभेला लागलं नव्हतं.

डॉक्टरांनी गालावरून बोट पुढं दाबत आणलं. "बघा. स्वच्छ लाळ. पू नाही. खडा अडकलेला नाही. दोन्ही बाजू सारख्या." मग ते तिला म्हणाले, "डोळे गच्च मिटा. आता दात दाखवा." तिला दात दाखवायची लाज वाटली, पण तिनं दाखवले. "चेहऱ्याची शीर या गाठीतून जाते," ते मुलांना सांगत होते. "गाठ वाईट असती तर एक बाजू ओढली गेली असती. तसं काही नाही."

त्यांनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं बघितली, केस बोटांत धरून बघितले, पाय बघितले. मग खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"बाई, काल काय खाल्लं?"

"भाकरी."

"किती?"

 धोंडीराम म्हणाला, "सगळ्यांच्या बरूबर खाती, सायेब."

"त्यांना सांगू द्या."

मग ती सांगायला लागली. भाकरी आधी ह्यांना, कारण हातोडा चालवायचा असतो. मग आत्यांना, म्हणजे सासूला, म्हातारं माणूस. मग पोरीला. राहिला तर तुकडा. नाही राहिला तर ताकातलं, म्हणजे ताक नाहीच, पाण्यात कालवलेलं पीठ.

"आणि सुकडी? तुमच्या वाटची?"

"पोरीला देते. तिला आवडती."

"आणि हा अंगावर पितो?"

"व्हय."

"हे कधीपासून?"

ती आठवून म्हणाली, "दिवाळीपासनं आसंल."

धोंडीराम भिंतीकडं बघत होता. एकाच झोपडीत, एकाच चुलीपुढं तो रोज बसत होता. पण तो आधी जेवून उठायचा.

डॉक्टर त्याच्याकडं वळले. "तुमच्या बायकोला रोग नाही. ही भूक आहे. अंगाला लागेल असं काही बरेच महिने पोटात गेलं नाही की काही जणांच्या लाळेच्या गाठी अशा फुगतात. सगळ्यांच्या का नाही फुगत ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. मी पुस्तकात वाचलं होतं. या वर्षी डोळ्यांनी बघतोय."

"सायेब," धोंडीराम म्हणाला, "लोक म्हनत्यात, सुकडी चोरून खाऊन गाल आल्यात. तिचं काम काढून घेतलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला.  "खाऊन असे गाल येत नाहीत," ते म्हणाले. "न खाऊन येतात."

त्यांनी लोहाच्या गोळ्या आणि दुधाच्या भुकटीचा डबा दिला. शेंगदाणे, डाळ, मिळेल ते तिनं खायचं, आणि घरात आधी तिनं खायचं, असं धोंडीरामला बजावलं. पोराला हळूहळू दुसऱ्या अन्नावर आणायचं. "गाल लगेच उतरणार नाहीत," ते म्हणाले. "महिने लागतील. कदाचित थोडे राहतीलही. घाबरू नका."

परत जाताना ट्रक मिळाला नाही. दोघं चालत निघाले. लखू धोंडीरामच्या खांद्यावर होता. शहराबाहेर एका कडुलिंबाखाली तो थांबला आणि शहरातून घेतलेली शेंगदाण्याची पुडी तिच्यापुढं धरली. ती म्हणाली, "रस्त्यावर नगं."

"खा," तो म्हणाला. "मी तिकडं बगतो."

तिनं पाठ करून खाल्ले. त्यानं तोंड रस्त्याकडं धरलं होतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी इचारायला नगं हुतं." ती चावत राहिली. राग पुरता गेला नव्हता.

केंद्रावर आल्यावर धोंडीरामनं ईरप्पाला सांगितलं. जमलेल्या माणसांना सांगितलं. आयुष्यात तो कधी एवढं बोलला नव्हता. लोकांनी ऐकून घेतलं. ईरप्पा मान हलवत म्हणाला, "धोंडीराम, भुकंनं मानूस वाळतंय. फुगतंय कुटं? डाक्टरला काय, तुमी सांगितलं ते त्यानं ऐकलं." कुणी खाली बघून हसलं. त्यांच्यातल्या प्रत्येकाला भूक माहीत होती. ती गाल भरते हे कुणी बघितलं नव्हतं. धोंडीराम पुन्हा पुन्हा तेच सांगायला लागला, तशी माणसं एकेक करून उठून गेली.

बजाबाई झोपडीच्या तोंडाशी बसून हे सगळं ऐकत होती.  दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा झाला, रांग लागली, तेव्हा तिनं झोपडीबाहेर, सगळ्यांना दिसेल असं पोतं अंथरलं. त्यावर थाळी ठेवली. थाळीत भाकरी, डाळ, शेंगदाणे आणि पेल्यात भुकटीचं दूध.

"सारजा, बाहीर ये. बस हितं."

"आत्या, आत खाते की. लोक बगत्यात."

"बगू द्यात. आत खाल्लंस म्हून हे झालं. आत खाल्लंस न्हाईस, तेबी कुनी बगितलं न्हाई." म्हातारी तिच्यासमोर मांडी घालून बसली. "खा."

सारजाबाई थाळीला हात लावेना. रांगेतली सगळी तोंडं वळली होती. बजाबाई तिच्या थाळीतला घास मोडून देत होती, लहान पोराला द्यावा तसा. थोडं पोटात गेल्यावर म्हातारी खालच्या आवाजात म्हणाली, "मी तुझ्या हाताचा वास घेतलावता."

"ठावं हाय."

"वाटनाऱ्या हाताला वास येनारच की. मला कळत हुतं. तरी घेतला." तिनं अजून एक घास पुढं केला. "ते तू इसरू नगंस. मीबी इसरत न्हाय."

तेव्हापासून रोज दुपारी पोतं अंथरलं जायचं. पहिल्या दिवसांत लोक म्हणाले, बघा, आता उघड खाती. मग म्हणणं कमी झालं. बघण्यासारखं काही राहिलं नाही.

आषाढ लागायच्या सुमाराला एक दिवस रंभाबाई झोपडीपाशी आली. त्या दिवसापासून ती या बाजूला फिरकली नव्हती. ती आत आली नाही, दाराशी उभी राहिली. सारजाबाई उठली नाही.

"तुमचा डाक्टर कुटं बसतू?" रंभाबाईनं विचारलं.

"का?"

"साळूला बगायला चल."

साळू झोपडीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पोर गेल्यापासून ती जवळजवळ काहीच खात नव्हती. तिची गळ्याखालची हाडं वर आली होती, आणि त्यावर तोंड मात्र भरत चाललं होतं. दोन्ही कानांच्या खाली तीच सूज. पाळ्या तशाच बाहेर.

रंभाबाई सुनेकडं बघत होती. "हिनं खाल्लं न्हाय," ती म्हणाली. "मला ठावं हाय. ताट परत येतंय. माझ्या म्होरं परत येतंय."

सारजाबाईला त्या क्षणी बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं, आणि लगेच साळूच्या डोळ्यांकडं बघून त्याची शरम वाटली. तिनं साळूच्या शेजारी बसून तिच्या गालाला हात लावला. "दुखतं का गं?" साळूनं नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या सकाळी दोघी तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टर बिराजदारांनी सारजाबाईला ओळखलं. साळूला तपासून त्यांनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. तिच्या अंगात रक्त फार कमी होतं. काय खाते, असं त्यांनी साळूला विचारलं. रंभाबाईच बोलली. "पोरगं व्हतं तवाबी हिच्या अंगावर दूध आटलं व्हतं, सायेब. मी म्हनायची, कामचुकार हाय. नाटकं करती." एवढं बोलून ती ओसरीत येऊन बसली.

सारजाबाई तिच्या शेजारी बसली. पुढं अंगणात कुणाचे तरी नातेवाईक शिदोरी सोडून जेवत होते. 

"सारजा," रंभाबाई म्हणाली, "मी तुला लई वंगाळ बोलले."

 जाऊ द्या काकी, असं म्हणायची रीत होती. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "तुमी रांगेत बोललासा, काकी. ते रांगेतच परत घ्या."

रंभाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

तिनं शब्द पाळला. दुसऱ्या दुपारी रांगेत उभं राहून ती म्हणाली, "ऐका गं. सारजानं काय खाल्लं न्हवतं. मी बोलले ते खोटं व्हतं. माझी साळू तशीच फुगलीया, उपाशी राहून." तिचा आवाज त्या दिवसासारखाच सपाट होता. पण त्या दिवशी सगळी रांग गप्प झाली होती. आज आभाळ भरून आलं होतं, सुकडी कमी आली होती, आणि पुढच्या बायका वाटणाऱ्या माणसाशी भांडत होत्या. जवळच्या चार-दोघींनी ऐकलं. एकीनं मान हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, "सरका की म्होरं."

सारजाबाई लांब पोत्यावर जेवत होती. तिनं ऐकलं. कितीजणांनी ऐकलं ते तिनं मोजलं नाही.

ईरप्पा त्या आठवड्यात वाटी घेऊन आला. "तूच वाट परत," तो म्हणाला. "ह्या गड्याचा हात सारखा न्हाय. रोज भांडणं."

"नगं," सारजाबाई म्हणाली.

"आगं, आता कोन काय म्हननार न्हाय."

"ठावं हाय, दादा. तरी नगं."

त्यानं फार आग्रह केला नाही.

त्या पावसाळ्यात मात्र पाऊस पडला. माणसं गावाकडं परतली. साळू दवाखान्यातून चालत बाहेर आली. पुढल्या साली तिला मुलगी झाली. सारजाबाईचे पाय आधी उतरले, मग हळूहळू गाल. नवी ज्वारी घरात आली तोपर्यंत डावी बाजू पूर्ववत झाली होती. उजवी थोडी भरलेली राहिली ती राहिलीच. धोंडीराम आता तिच्यानंतर जेवायला बसायचा. 

बाजाराला, देवाला गेल्यावर ओळख नसलेल्या बायका सारजाबाईकडं बघून म्हणायच्या, "खात्यापित्या घरची दिसतीया." सारजाबाई ऐकून घ्यायची. बजाबाई बरोबर असली तर म्हातारीला ते ऐकवायचं नाही; ती तिथून उठून दुसरीकडं जाऊन बसायची.